मोठ्या मामाजींच्या अंगठ्याचं नख

आमच्या मोठ्या मामाजींच्या उजव्या अंगठ्याच्या नखानं जेवढं काम केलं, तेवढं भंडारा जिल्ह्यात दुसऱ्या कुणी केलं असेल असं मला वाटत नाही, आणि हे म्हणताना मी सगळी सरकारी कार्यालयं हिशेबात धरली आहेत. आमच्याकडं सासऱ्यांना मामाजी म्हणतात. हे माझ्या सासऱ्यांचे थोरले भाऊ, म्हणून मोठे मामाजी; गावही त्यांना तेच म्हणतं. त्यांना मूलबाळ नाही. त्यांच्या पत्नी, आमच्या मोठ्या आत्याबाई, गेल्यापासून अंगणापलीकडच्या आपल्या दोन खोल्यांत राहतात आणि दोन्ही वेळा जेवायला आमच्याकडं येतात. वय विचारलं की "सत्तरच्या वर आन् नव्वदच्या खाली" एवढंच सांगतात. अंगकाठी शेवग्याच्या शेंगेसारखी, मान बारीक, मनगटं बारीक. पण उजवा अंगठा असा रुंद आणि चपटा, की तो दुसऱ्या कुठल्या धिप्पाड माणसासाठी घडवला होता आणि चुकून यांच्याकडं आला असं वाटावं. त्यावरचं नख पळसाच्या बीसारखं: तांबूस, गुळगुळीत, मधोमध किंचित उंच.

दर रविवारी सकाळी ओट्यावर बसून मामाजी ब्लेडनं नऊ नखं कापत. दहावं तांदळाच्या अर्ध्या दाण्याएवढं राखून ठेवत, कारण ते नख नव्हतं, अवजार होतं. त्यानं गोळ्यांची पाकिटं उघडत, चष्म्याचा स्क्रू आवळत, दाव्याची निरगाठ सोडवत, रेडिओचं झाकण काढत. माझ्या स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर मी पेनानं खुणा करते: गॅस कधी लावला, दूध कधी आलं नाही, शाळेत तपासणी कधी आहे. त्याच कॅलेंडरवर मामाजींच्याही खुणा असत, नखानं उमटवलेल्या, चंद्रकोरीसारख्या. कुठली कोर कशाची हे फक्त त्यांना ठाऊक. मी एकदा म्हटलं, "मामाजी, पेन आहे ना इथं बांधलेला." तर म्हणाले, "पेनातली शाई सरते वो सूनबाई. हे वाढत राह्यते." मी शाळेत शिकवते. मुलांच्या शंकांना उत्तरं देण्यात माझं आयुष्य गेलं आहे; त्या दिवशी मी फक्त पेनाची शाई तपासली.

सानगडीच्या बाजारात मामाजींच्या नखाची वेगळी ख्याती होती. लौकी, म्हणजे दुधी भोपळा, कोवळी आहे की जून, हे ते नख रुतवूनच ठरवत, आणि एक लौकी घ्यायची तर निदान सहा लौक्यांना विचारून घेत. तिथं एक भाजीवाली बसते, तोंडाची फटकळ. मामाजी रांगेच्या टोकाला दिसले की ती लौक्यांवर पोतं टाकायची. "डोऱ्यानं पाहा ना मामाजी, नखानं कायले पाह्यता? तुमी गेल्यावर माह्या लौकीले देवी निघाल्यावानी दिसते." मामाजी पोत्याचं टोक उचलून शांतपणे म्हणायचे, "डोरे फसवतेत बाई. तू बी फसवतेस. नख नाई फसवत." तिच्याकडूनच लौकी घ्यायचे, आणि तिनंही त्यांच्यासाठी एक चांगली मागं काढून ठेवलेली असायची. हे मला फार उशिरा कळलं.

पण हे सगळं किरकोळ. नखाचं खरं काम धानाचं. आमच्या दिघोरीत धान कापून, मळून झालं की ते उन्हात वाळवतात, आणि किती वाळवायचं यावर पुढचं सगळं अवलंबून असतं. ओलं राहिलं तर ढोलीत, म्हणजे धान साठवायच्या कणगीत, बुरसतं, जास्त वाळलं तर गिरणीत तांदळाची कणी होते. म्हणून लोक मूठभर धान दुपट्ट्याच्या टोकाला बांधून मामाजींच्या ओट्याशी येत. मामाजी एक दाणा डाव्या तर्जनीवर ठेवत, अंगठ्याचं नख त्यावर उभं धरत, टरफल उडवत, मग आतल्या तांदळावर नख दाबत आणि डोळे मिटत. समोरचा माणूस श्वास रोखून उभा. मग मामाजी म्हणत, "दोन ऊन आणखी." म्हणजे आणखी दोन दिवस उन्हात घाला. कधी "एक ऊन", कधी "भरा ढोलीत". पुढं खरेदी केंद्रावर ओलावा मोजायचं यंत्र आलं, तरी घरी खायचं धान लोक मामाजींनाच दाखवत. यंत्र आकडा सांगतं, किती उन्हं हे सांगत नाही. मामाजी स्वतः बोडीखालच्या, म्हणजे आमच्या लहान तळ्याखालच्या भाताच्या एका बांधीत फक्त चिन्नोर लावतात. तो वासाचा तांदूळ वर्षभर ढोलीत जुना करून ठेवतात आणि ढोलीची चावी कमरेच्या करदोड्याला. आम्हाला त्यातला सणापुरता मिळतो, मोजून.

तीनेक वर्षांपूर्वी एका थंडीत मामाजी स्वेटर काढत होते, तो अंगठ्याशी अडकला. ओढला तर बाही कोपरापर्यंत उसवत आली. त्यांनी नख उजेडाकडं धरलं. टोकाला ते दुभंगलं होतं, वरचा पापुद्रा सुटून उभा राहिला होता. घरच्या शांत बैलानं एक दिवस मालकावर शिंग उगारावं आणि मालकानं त्याच्याकडं बघत राहावं, तसे ते नखाकडं बघत राहिले. म्हणाले, "नख नाई राह्यलं सूनबाई, कांदा झाला."

मग त्यांचे उपाय सुरू झाले. आधी तूप. मग जवसाचं तेल. मग बारीक दोरा गुंडाळून त्यावर मेण. मग एका दुपारी त्यांनी सायकलच्या पंक्चरचं सोल्यूशन लावलं आणि ते वाळेपर्यंत वर्तमानपत्र वाचत बसले. त्या दिवशी अंगठा आणि वर्तमानपत्राचं दुसरं पान जेवायला बरोबरच आले. मी कोमट पाण्यानं कागद सोडवला, तरी एक मथळा अंगठ्यावर आठवडाभर राहिला. तेव्हा मी ठरवलं की हे प्रकरण आता रीतसर हाती घ्यायचं.

मी त्यांना साकोलीच्या डॉक्टरांकडं नेलं. त्यांनी रक्त तपासलं, काही कमी निघालं नाही. डॉक्टर म्हणाले, वयानं नखं कोरडी पडतात, ठिसूळ होतात, पापुद्रे सुटतात, काळजी घ्या. मामाजी म्हणाले, "डॉक्टरसाहेब, वय अंगठ्यालेच काहून झालं? मले तं नाई झालं." डॉक्टर हसले. मामाजी हसले नाहीत.

घरी येऊन मी यादी केली. मला याद्यांची सवय आहे, घरातले लोक तिला दुसरं नाव देतात. यादीत सात कलमं होती: नख आखूड ठेवणं, हात सारखे ओले-कोरडे न करणं, भांडी धुताना रबरी हातमोजे, कानस एकाच दिशेनं फिरवणं, जेवणानंतर दहाही नखांना तेल, नखानं अवजाराचं काम न करणं, आणि सातवं, नख कडक करणारं बिनरंगाचं पॉलिश, आठवड्यातून दोनदा. कागद त्यांच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवला. मामाजींनी तो दोनदा वाचला आणि विचारलं, "आन् सुट्टी कोणत्या दिवशी?"

माणूस मात्र पाळायचं म्हटलं की पाळणारा. माझ्या अपेक्षेपेक्षा जरा जास्तच. आपली थाळी आणि लोटा ते आयुष्यभर स्वतः धूत आले, आता नारिंगी हातमोजे घालून धुऊ लागले. मोजे आवडले म्हणून ते घालूनच म्हशीखाली बसले. म्हशीनं मागं वळून पाहिलं आणि दोन दिवस दुधाचा थेंब दिला नाही. मला तिसऱ्या कलमात "म्हैस वगळून" असं घालावं लागलं. कानस खिशात असायची. फाट्यावर एसटीची वाट बघताना ते एका दिशेनं नख घासत बसत. कुणीतरी जाता जाता विचारलं, "काय गा मोठे मामाजी, लगन ठरलं का?" हे नखावरची नजर न काढता म्हणाले, "हाव, ठरलं. पंगतीत वाढाले तुलेच ठेवलं हाय."

सहावं कलम त्यांना सगळ्यांत जड गेलं. धान सोडून नखाचं बाकी काम बंद, म्हणून मी त्यांना एक छोटा पेचकस, एक कात्री आणि एक चिमटा कापडी पिशवीत घालून दिला. ती पिशवी घेऊन ते सानगडीच्या बाजारात गेले आणि लौकीसमोर उभं राहून त्यांनी पेचकस बाहेर काढला. भाजीवालीनं त्यांचा हातच धरला. "नख बरं होतं बाप्पा," ती म्हणाली.

सातवं कलम मात्र त्यांना फार आवडलं. आठवड्यातून दोनदा लावायचं पॉलिश ते रोज सकाळी लावत, आणि एक हात नाही, वाळेल तसे चार-पाच. दोन महिन्यांत नख घड्याळाच्या काचेसारखं झालं. ते खाटेच्या पाटीवर आपटून टक् टक् वाजवून दाखवत. कांदा गेला, काच आली. मामाजी खूश, आणि माझी यादी यशस्वी झाली म्हणून मी त्यांच्याहून खूश.

दिवाळीनंतर धान निघालं. त्या वर्षी समोरच्या घरच्या वहिनींच्या मुलीचं माघात लग्न होतं. त्यांनी पंगतीसाठी मुद्दाम चिन्नोर लावला होता. मूठभर धान घेऊन त्या आल्या. मामाजींनी दाणा तर्जनीवर ठेवला, नख उभं धरलं, डोळे मिटले. "दोन ऊन आणखी." दोन दिवसांनी त्या पुन्हा आल्या. "दोन ऊन आणखी." तिसऱ्यांदाही तेच. अंगणात ताडपत्र्या पसरलेल्या, चिमण्या खाऊन खाऊन उडायला कंटाळल्या. मामाजींचा स्वतःचा चिन्नोरही शेजारी तसाच पडून. वहिनी अखेर म्हणाल्या, "मामाजी, धान पायाले टोचून राह्यला ना आता."

मामाजींनी त्यांच्याकडं मोठ्या मायेनं पाहिलं. "बाई, पायाचं काम चालाचं. परखाचं काम अंगठ्याचं."

आठव्या दिवशी धान गिरणीत गेलं. दोन्ही घरचं एकाच गाडीत. मी शाळेतून परस्पर तिथंच गेले होते. गिरणीच्या तोंडातून पांढरी धार पडायला लागली, गिरणीवाल्यानं हात खाली धरला आणि मशीन बंद केलं. "हा धान कोणी भाजला का?" त्यानं विचारलं. त्याच्या तळहातावर अख्खा दाणा शोधावा लागत होता. सगळी कणी.

मामाजींनी मूठभर कणी घेतली. एक तुकडा बोटावर ठेवून नख दाबलं. मग दुसरा. मग ते उजेडात गेले आणि पेचकसानं नखावरचा थर खरवडू लागले. काचेचे पापुद्रे निघत गेले, खाली तोच जुना दुभंगलेला कांदा. मग म्हणाले, "नख दगडावानी झालं, सूनबाई. मंग दाणा मऊच लागन ना." सातवं कलम माझं होतं. घरी आल्यावर मी कपाट उघडून ते खोडलं. लिहिलेलं खोडायची मला सवय नाही.

संध्याकाळी मामाजी टोपी हातात घेऊन समोरच्या अंगणात उभे राहिले. "बाई, माह्या अंगठ्यानं तुले फसवलं."

वहिनी चुलीशी बसल्या होत्या, त्या उठल्या. "असं काहून म्हणता मामाजी? कणी बी तांदूळच होय."

"पंगतीत कणी नाई वाढत," मामाजी म्हणाले. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी करदोड्याची चावी काढली, ढोली उघडली आणि सणालासुद्धा आम्हाला मोजून मिळणारा गेल्या वर्षीचा जुना चिन्नोर गिरणीतून काढून आणून समोर पोचता केला. वहिनींनी दोनदा परत पाठवला, मामाजींनी दोनदा पुन्हा पोचवला. लग्नाच्या दिवशी भाताचा वास फाट्यापर्यंत गेला असं लोक अजून सांगतात. दोन्ही घरची कणी आमच्याकडं आली. आम्ही होळीपर्यंत कणीची खीर, कणीचा उपमा, कणीची आंबील खाल्ली. त्या आठवड्यांची जेवणाची यादी माझ्याकडं अजून आहे, फार लांब नाही.

लग्न पार पडलं, आणि मामाजी ओट्यावर बसायचे बंद झाले. कुणी दुपट्ट्यात काही बांधून आलं तर खोलीतूनच म्हणायचे, "केंद्रावर मशीन हाय ना, तिले पुसा." हात कायम शालीखाली. म्हशीशी बोलणं कमी झालं, सानगडीचा बाजार सुटला, कॅलेंडरवर नवी कोर उमटली नाही. मी नेहमी करायच्या गोष्टींच्या याद्या करते; माणसानं सोडलेल्या गोष्टींची यादी तेव्हा पहिल्यांदा केली आणि अर्ध्यावर टाकली. एकदा जेवताना पोळीचा तुकडा हातात तसाच धरून म्हणाले, "अंगठा चुकला का मंग मी कोण वो? तुमच्या घरी जेवते तो म्हातारा." भाजी चांगली झाली आहे, असं काहीतरी मी बोलले.

पुढच्या वर्षी धान आलं तेव्हा मी त्यांच्या बांधीतली मूठभर घेऊन त्यांच्या खोलीत गेले, समोर स्टूल ओढलं, माझ्या तर्जनीवर एक दाणा ठेवला आणि अंगठ्याचं नख त्यावर लावलं. ते भिंतीकडं बघत होते. मी दाबलं, दाणा उडून त्यांच्या मांडीवर पडला. दुसरा ठेवला, तोही उडाला. पाचव्या दाण्याला ते म्हणाले, "आडवं नाई. उभं."

मी नख उभं धरलं. त्यांनी शालीतून हात काढला आणि माझा अंगठा आपल्या बोटांत धरून कोन बदलला. "डोरे मीट. आता दाब. काय म्हणते?"

"मऊ लागतंय."

"मऊ म्हंजे कसं? लोण्यावानी का साबणावानी?"

"साबणासारखं."

"ओल्या साबणावानी का कोरड्या?"

मी विचार केला. "कोरड्या. पण सकाळी वापरलेल्या."

मामाजींचा चेहरा त्या वर्षात पहिल्यांदा सैल झाला. "दोन ऊन," ते म्हणाले. मी सवयीनं पर्समधली वही काढली आणि "सकाळचा साबण: दोन ऊन" असं लिहायला लागले, तर त्यांनी वही मिटवली. "लिहू नको. लिहलं का अंगठा आयकत नाई."

दोन उन्हांनी आम्ही तेच पुन्हा केलं. या वेळी दाणा नखाखाली कट् वाजला. मी डोळे उघडायच्या आत ते म्हणाले, "आयकलं. भरा ढोलीत." गिरणीतून तांदूळ अख्खा आला, सुईसारखा. गिरणीवाल्यानं मूठभर वर उचलून मामाजींना दाखवला. मामाजी म्हणाले, "मले काय दाखवतं? तिले दाखव."

आता धानाच्या दिवसांत शाळा सुटली की आम्ही दोघं ओट्यावर बसतो. नख माझं, कान त्यांचा. लोक मूठ पुढं करतात, मी दाणा फोडते आणि साबणापासून सुपारीपर्यंत जे वाटेल ते सांगते, मामाजी आवाज ऐकतात आणि उन्हं सांगतात. कधी आमचं जमत नाही. मग समोरच्या वहिनी येऊन धानावर अनवाणी पाय ठेवतात, आणि त्या काय म्हणतात तेही मामाजी हल्ली कान देऊन ऐकतात. कॅलेंडरवर पुन्हा चंद्रकोरी दिसू लागल्या आहेत, थोड्या तुटक, काठाला विरलेल्या. आणि सानगडीच्या बाजारात गेल्या महिन्यात मी रांगेच्या टोकाला दिसले, तर भाजीवालीनं लौक्यांवर पोतं टाकलं.

यादीतली सहा कलमं अजून चालू आहेत. रोज जेवण झालं की मामाजी तेलाची वाटी पुढं घेतात आणि दहाही नखांना सावकाश तेल लावतात. आधी अंगठा, मग बाकीची नऊ, जसं कुणी निवृत्त झालेल्या वरिष्ठाला आधी नमस्कार करावा. परवाही असेच बसले होते. मी धुतलेल्या शालींच्या घड्या घालत होते. एकीचा धागा माझ्या उजव्या अंगठ्याशी अडकला. मी सोडवला, तो पुन्हा अडकला. उजेडाकडं नख धरलं तर टोकाला केसाएवढी फट, आणि वरचा पापुद्रा किंचित उचललेला. मला आता त्रेपन्न पूर्ण होतील. मी हात घडीखाली घातला आणि उरलेल्या शाली डाव्या हातानं घडी करू लागले.

मामाजींची नजर अधू झाली आहे, असं आम्ही सगळे धरून चालतो. त्यांनी तेलाची वाटी एका बोटानं माझ्याकडं सरकवली, आणि समोर कुणी मूठ धरून उभं असावं तसे डोळे मिटून बसले.